गरम हवेचं तोंड

रत्नागिरी, १२ एप्रिल १९८६, शनिवार

संध्याकाळचं बोलणं मनातून जात नाही. मांडवीच्या आप्पांना बद्रीनाथला जायचंय, म्हणून त्यांच्या मॅटाडोरमध्ये झोपायची सोय करून दिली, डिझेलवरचा हीटरही बसवला. गरम हवेचं तोंड ड्रायव्हरच्या सीटमागेच काढलं. पाइप जितका आखूड, तितकी हवा गरम. हे मला कोणी शिकवलेलं नाही, म्हणून ताठा जास्तच.

आप्पांच्या पत्नी, काकू, आत आडव्या होऊन बघत होत्या. म्हणाल्या, "तोंड भाजतंय रे, आणि पायांना काहीच लागत नाही. उलटी झोपू तर पाय डॅशबोर्डवरच्या गणपतीकडे होतात."

मी म्हटलं, "माप बरोबर आहे. तुमचं झोपणं चुकतंय."

असं कोणी बोलतं का? त्या तोंडावर पदर घेऊन तशाच पडून राहिल्या, माझं माप बरोबर ठरावं म्हणून.

तो गणपती मीच स्क्रूने बसवलेला. इंचाइंचाचा हिशेब केला, माणसाचे पाय कुठे येतील तेवढं बघितलं नाही.

शेवटी पाइप मागे, पायांकडे न्यायचं कबूल केलं. पण म्हणालो काय, तर "हीटरचा पंखाच जोरकस निघाला."

"मग त्यात तुझा काय दोष?" काकू म्हणाल्या.

"तेच तर," म्हणालो मी.