खिंडीसमोरची गाड्यांची रांग

कापणीचा महिना, चढत्या चंद्राची चौथी

आणखी एक आख मोडला! आजचा तिसरा. लोकांनी गाड्यांत काय काय भरलंय — कढया, दगडी जाती, आणि एकाने तर आमच्या राणीने जाळलेल्या रोमनांच्या कामुलोडुनम शहरातल्या घरातून अख्खा दरवाजा उचलून आणलाय. घर नाही, दरवाजा आहे! मी म्हटलं, "हा फेक, मग आख बसवतो." तर म्हणाला, "रोमन माणसाचा दरवाजा आहे. बायकोला कबूल केलाय." बसवला आख. दरवाजाही राहिला.

ही लाकडाची पातळ पानं रोमनांच्या गाडीखान्यातली. सहा वर्षं त्यांची चाकं केली, येताना त्यांची अक्षरं आणि ही पानं तेवढी घेऊन आलो. आमच्यात कुणी लिहीत नाही. वेलोरी म्हणते, "चुलीत घालायचं सोडून लाकडावर काय ओरबाडत बसता?" बायकोला उत्तर देऊ नये. मी देत नाही.

एनिका दिवसभर दिसली नाही. रथवाले नेहमी पुढे असतात. लेक असली म्हणून काय, तिने थोडंच बापाच्या गाडीमागे चालायचं?

सहावी

रोमन सापडले!

एनिका दुपारी आली, म्हणाली, "चला बाबा, दाखवते." तिच्या रथात बसून गेलो. हा रथ मीच केलेला. चाकाचा घेर एकाच लाकडाचा, वाफेवर वाकवलेला, खाली चामड्याच्या पट्ट्यांची वीण — खड्ड्यातून गेला तरी गुडघ्याला धक्का नाही. असा रथ करणारे आमच्यात चारच जण. त्यातले दोघे मेले आणि तिसरा दिवसभर पितो.

जागा नीट पाहिली. आधी मोकळं सपाट रान. मग चढ, फार नाही, भरली गाडी बैलजोडी कुरकुर न करता ओढेल इतका. वर दोन टेकड्या जवळ येतात, दोन्हींवर दाट झाडी. मधे अरुंद तोंड, आणि त्या तोंडात रोमन उभे. मागे नुसतं जंगल.

एनिका घोडे थांबवून बराच वेळ बघत होती. "बाजूने जाता यायचं नाही, बाबा. त्यांच्या पाठीशी जायचं तर विसराच. समोरूनच चढायचं. आणि वर जाऊ तशी जागा निमुळती होतेय."

"मग?"

"मग काय! लोसियोला उतरवायचं, मागे यायचं, घोड्यांना दम खाऊ द्यायचा, परत जाऊन त्याला उचलायचं. नेहमीचंच."

लोसियो म्हणजे आंदोक सरदाराचा भाचा. तिच्या रथातून लढतो. भाले छान फेकतो, बढाया त्याहून छान मारतो.

"मागे म्हणजे कुठे?" मी विचारलं.

"तुमच्या गाड्यांच्याही मागे. तिथे ओढा आहे."

परतताना मला एकटंच हसू येत होतं. काय तो रोमन सेनापती! पाठीशी जंगल घेऊन बसलाय. वळायला जागा नाही, निघायला वाट नाही. गाडीखान्यात अशी गाडी कुणी लावली असती तर मुकादमाने त्याला चाकाला बांधला असता.

सातवी

आंदोकने बोलावलं. "सुतारा, आजपासून गाड्या तू लावायच्या. रानाच्या या कडेला, अर्ध्या गोलात. सगळ्यांच्या बायकापोरांना लढाई दिसली पाहिजे. आणि भांडणं माझ्याकडे आणू नकोस!"

माझ्याकडेच आली सगळी. "आमचे दोघे पुढच्या फळीत आहेत, आम्हाला मधे दे." "तिची गाडी उंच आहे, मला तिच्या मागे टाकू नको." दरवाजेवाला तर दरवाजा गाडीवर आडवा टाकून त्यावर बायकोला बसवणार आहे. मी ओरडून ओरडून घसा बसवला, पण मजा आली, खोटं कशाला बोलू!

चारशेपर्यंत गाड्या मोजल्या, पुढे नाद सोडला. जुवं उतरवून घेतली, बैल ओढ्यावर पाठवले. जमिनीला उतार आहे, वर पोरं नाचणार, म्हणून चाकाला चाक दोराने बांधलं. गाठी स्वतः पाहिल्या. मधोमध दोन रथ जातील एवढी वाट मोकळी ठेवली, सारथ्यांना ओढ्यापर्यंत येण्याजाण्यासाठी.

संध्याकाळी टेकाडावर चढून बघितलं. एकसारखी, गोल रांग. बांधली कुणी? मी!

आठवी

कुणीतरी ससा धरून आणला. सासूबाईंनी त्याला शिव्या घालून सोडायला लावला — देवीचा ससा कुणी खातं का! उजव्या हाताला पळाला. शुभ. सगळी छावणी खूश.

नववी

आमची गाडी मी अगदी टोकाला लावली होती, काटेरी झुडपांमागे. गाड्या लावणाऱ्याने स्वतः चांगली जागा घेतली तर लोक काय म्हणतील?

सासूबाई काही ऐकेनात. "बारा वर्षं माझ्या अंगणात तो रोमन शिपाई खुर्ची टाकून बसला. माझ्या विहिरीचं पाणी मला मागून घ्यायला लागलं. मला त्यांना पळताना बघायचंय, जावईबापू. झुडूप बघायला नाही आले मी एवढ्या लांब!"

वेलोरी मात्र भांडली नाही. शेजारी येऊन हळूच म्हणाली, "मला एनिका दिसली पाहिजे. बाकी मला लढाईचं काही कळत नाही."

तेवढी एकच मोकळी जागा उरली होती. मधली वाट.

आंदोकला विचारलं. त्याने उडवून लावलं. "ते भगदाड कशाला ठेवलंयस तेच मला कळत नव्हतं. रोमनांना वाटेल आम्ही पळायची तयारी करून आलोय. भरून टाक!" लोसियो शेजारीच उभा. "सुतारकाका, आम्ही एकदा वर गेलो की ओढ्याचं पाणी प्यायला वेळ कुणाला आहे? रोमनांचंच पिऊ!"

तरी मी एनिकाला बाजूला घेतलं. म्हटलं, "पोरी, त्यांचं जाऊ दे, तू सांग. वाट ठेवू की नको?"

ती आधी रांगेकडे बघत राहिली. मग चढाकडे. मग आईकडे. वेलोरी गाडीवर चढून जागा कशी दिसते ते बघत होती, डोळ्यांवर हात धरून.

"राहू दे, बाबा. रथ गाड्यांच्या पुढेच थांबवू, तिथे मोकळं आहे. आईला दिसू दे. मी वळून हात करीन तिला."

मनात एकदा आलं, चारशेच्या वर गाड्या आणि एकही फट नाही. मग वेलोरीचा चेहरा बघितला आणि गाडी ढकलली. दोन्हीकडची चाकं बांधली. उरलेला दोर दुहेरी घातला.

अख्ख्या रांगेत इतकी चांगली जागा कुणाचीच नाही!

दहावी, सकाळी

काय गर्दी! काय आवाज! आमचे लोक इतके आहेत की रानाचं गवत दिसत नाही. ओटची भाकरी, लोणी, जवाची दारू या गाडीवरून त्या गाडीवर फिरतेय. कुणाची ओळख लागत नाही, सगळे पाहुणे. राणीचा रथ लांबून दिसला, तेव्हा सासूबाई उभ्या राहिल्या. या वयात, गाडीवर!

रोमन हलत नाहीत. ओरडत नाहीत. वरच्या त्या तोंडात भिंतीसारखे उभे आहेत. घाबरले असतील.

एनिका पुढे गेली. बरीच पुढे गेल्यावर घोडे आवरले, वळली आणि हात केला. वेलोरीने डोक्याचं फडकं सोडून हलवलं. मीही ओरडलो काहीतरी. काय ते आता आठवत नाही. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता, हे पान कुणाला वाचता येत नाही म्हणून लिहितो.

ओढ्यावरचे बैल या आवाजाने बुजलेत, पांगतायत. जाऊन आवरून येतो. तोवर काही सुरू होऊ नये म्हणजे झालं.

बारावी

जंगलात. एकटा.

वरून त्यांचे भाले पडले, मग रोमन पाचरीसारखे खाली उतरले, आणि आमचे सगळे मागे वळले. सगळे. मी ओढ्याच्या पलीकडे होतो. वर चढावरचं तेवढं दिसलं, खाली मात्र रांगेची फक्त पाठ दिसत होती आणि आवाज येत होता.

आज पहाटे रोमन हलल्यावर गेलो. एक दोर तुटला नव्हता. गाड्यांच्या आतल्या अंगाला माणसांचा ढीग होता, चाकांच्या वरपर्यंत. सासूबाई बसल्या जागीच होत्या.

एनिका पोचली होती. रथ नव्हता, घोडे नव्हते, पायीच आली होती. आमच्या गाडीपर्यंत पोचली होती. वेलोरीने वरून वाकून तिचे दोन्ही हात धरले होते, वर ओढायला. तशाच होत्या दोघी.

वाट मी बुजवली. आंदोकने नाही. मी.

ते हात मला सोडवता आले नाहीत. तसेच ठेवून आलो.