सांध्याभोवतीचं पांढरं पीठ

परंडा, ९ जाने. ६१
आज पुन्हा भोक. पातेल्याची चीर सांधायला गेलो अन् खिंडार करून बसलो. तांबं तापलं की लाल होऊन सांगतं तरी. जर्मन, म्हणजे हे अॅल्युमिनियम, काही सांगत नाही, पांढरंच राहतं आणि एकदम गळून पडतं. अब्बा ओट्यावरून बघत होते. "ह्याच धातूनं आपली कल्हई खाल्ली, अन् तू त्याचीच चाकरी कर." खोटं नाही ते. तांबं घराघरांतून गेलं. पण मग आम्ही काय करायचं?

१७ जाने.
कुर्डुवाडीला. गॅसवेल्डिंगवाले उस्ताद आधी पोटभर हसले. मग सांगितलं: साबण घास, ज्योत फिरव, साबण काळा पडला की सळई लाव. सळईला लावायला अॅल्युमिनियम सांधायची पावडर दिली. शेवटी धुण्याचं काहीतरी सांगत होते. कल्हईवाल्याला भांडं साफ करायला शिकवतात! नीट ऐकलंच नाही.

२६ जाने.
जमलं! तीन पातेली आणि बोर्डिंगचा मोठा टोप. वर कल्हईसारखाच कापसाचा बोळा फिरवला. अब्बांनी टोपात पाणी भरून पाहिलं. थेंब नाही. "चमकलं म्हणजे झालं." कल्हईतलं त्यांचं नेहमीचं वाक्य. लई दिवसांनी हसले.

११ मार्च
बोर्डिंगात स्वयंपाक करणाऱ्या सरूबाई बाजारात भेटल्या. "अमीन, सांध्याला पांढरं पीठ येतंय रं. पुसलं तरी पुन्हा येतंय."
"पाण्यातला चुना असंल, मावशी."
बघायला जायला हवं होतं. कंटाळा केला.

१९ मार्च
उकळत्या आमटीचा टोप उतरवताना सांधा उघडला. सरूबाईंचे दोन्ही पाय. गुडघ्याखाली कातडी... लिहवत नाही.
दवाखान्यात मलाच म्हणाल्या, "टोपच जुना व्हता बाबा, तुजा काय दोष न्हाय." मी मान डोलावली. लाज कशी वाटली नाही?

२३ मार्च
कुर्डुवाडी. टोपाचा तुकडा दाखवला. उस्ताद हसले नाहीत.
"गरम पाण्यानं घासून धुतलं व्हतंस का?"
बोळा फिरवला म्हटलं.
"कल्हईचा नवसागर धूर होऊन उडून जातो. ही पावडर बसून राहते. ओल लागली की धातू खाते. सांगितलं व्हतं तुला."
सांगितलं होतं.

२४ मार्च
अब्बांना सगळं सांगितलं. शिव्या देतील वाटलं. टोपाचा तुकडा हातात घेऊन पाहिला. मग, "चमकलं म्हणजे झालं, हे म्या बोललो व्हतो." त्यापेक्षा मारलं असतं तर बरं.
सरूबाईंना अजून नाही सांगितलं.

२६ मार्च
तीनपैकी दोन पातेली परत आणली. एका घरी म्हणाले, गळत नाही तर नेतोस कशाला? खरं सांगितलं. "पुन्हा ह्या दारात येऊ नकोस." ठीक. पातेलं आलं ना.
तिसऱ्या घरच्या काकू म्हणाल्या, "ते इथं न्हाय. लेक बाळ घेऊन सासरी बेंबळीला गेली, तिच्यासंगं दिलं. बाळाच्या अंघोळीचं पाणी त्यातच तापवत्यात."
"पीठ येतंय का सांध्याला?"
"मला काय ठावं बाबा. एवढं निकडीचं हाय का?"
आजची गाडी गेली. उद्या पहिल्या एस्टीनं बेंबळी. स्टँडच्या आधी दवाखाना लागतो. सरूबाई तेव्हा जाग्या असतील.