न उतरणारा आलेख

१५ सप्टेंबर, सोमवार

शुक्रवारी लिहिलं ते चूक आहे. ‘कॉम्प्युटर अडकला’ असं लिहिलंय. कॉम्प्युटर धड होता. अडकले होते मी.

झालं ते असं. नववीचा वर्ग. पडद्यावर हवामानाच्या प्रोग्रॅममधली पृथ्वी, खाली दरवर्षी सोडल्या जाणाऱ्या कार्बनची पट्टी – ती सरकवली की तापमानाचा आलेख हलतो. वकीलबाईनं (सगळ्यांशी हुज्जत घालते म्हणून वर्गानं ठेवलेलं नाव) पट्टी थेट शून्यावर नेली. आलेख चढायचा थांबला, पण खाली येईना. ती म्हणाली, “बाई, हवेत आधीच साठलाय तो कुठे जाणार?” मी म्हणाले, कॉम्प्युटर अडकलाय, खाली बस. वर्ग हसला. मीही हसले – हे शुक्रवारी लिहिलंच नाही!

काल प्रोग्रॅमची माहितीपुस्तिका वाचली. तिचंच बरोबर. कार्बन सोडणं थांबवलं तरी तापमान जवळपास तिथंच राहतं, पिढ्यान्‌पिढ्या. तिला कळलं ते बी.एड. झालेल्या बाईला कळलं नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

कॉम्प्युटरच्या सरांना विचारलं. म्हणाले, टेन्शन घेऊ नका, केलंय मी सगळं नीट. काय केलंय? ‘हवेतला कार्बन यंत्रांनी ओढून घेणे’ असा एक पर्याय आहे, त्यावर गुपचूप खूण केलीय. आता आलेख छान उतरतो. मुलांना ते सांगायची गरज नाही म्हणे. बोलता बोलता चहात बिस्किट बुडवत होते. पृथ्वी वाचली, बिस्किटही वाचलं. वा!

मुख्याध्यापकांकडे गेले. शनिवारी पालकांसमोर याच प्रोग्रॅमचं प्रात्यक्षिक आहे, ते मी करायचंय. “मॅडम, पालक तोंडं पाडून घरी जायला नकोत. शेवट हिरवा हवा.” मग मला कायम करण्याच्या पत्राचा विषय सहज काढला. सहज! सही शनिवारनंतर करतील. वीस वर्षं विज्ञान शिकवलंय या माणसानं.

१७ सप्टेंबर, बुधवार

चौथीपर्यंत मी घरीच शिकले, आत्याकडे. उत्तर आधी बघून गणित जुळवलं की ती वही फेकायची. आज फोनवर तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “आधी नोकरी पक्की कर गं, मग बोल काय ते खरं.”

तीसुद्धा.

१८ सप्टेंबर, गुरुवार

घरी दहादा पट्टी सरकवून पाहिली. कधी ती खूण ठेवून, कधी काढून.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

मधल्या सुट्टीत वकीलबाई स्टाफरूमच्या दाराशी आली. नवा आलेख घेऊन – हिरव्या पेन्सिलनं काढलेला, सुबक, खाली उतरणारा. “बाई, कॉम्प्युटरच्या सरांनी दाखवलं. माझंच चुकलं होतं. आता बरोबर आहे ना?”

हुज्जत नाही, काही नाही. मी ‘ठेव’ म्हणाले.

शनिवार, वीस सप्टेंबर, सकाळी साडेदहा. यंत्रांवरची ती खूण मी काढणार, पट्टी वकीलबाईच्या हातात देणार, आणि पालकांसमोर सांगणार की वर्गाला खोटं मी सांगितलं होतं.