ज्याचा कचरा त्याच्या दारात

२ जानेवारी
बेटाच्या स्वच्छता समितीचा हंगामी अध्यक्ष झालो. कायमचा अध्यक्ष २३ तारखेच्या सभेत ठरणार. समोर उमेदवार एकच, आमचे साडू. त्यांचं हॉटेल आमच्या लॉजला लागूनच. माणूस वरून इस्त्रीचा, आतून कुजका. हा निवडून आला तर मला याच्या हाताखाली बसावं लागेल. त्यापेक्षा समुद्र बरा.
संकल्प : उद्यापासून घरचा ओला-सुका कचरा वेगळा.

३ जानेवारी
उद्यापासून नक्की. बायको म्हणते, आधी दोन बादल्या आणा. अध्यक्षाने बादल्या आणत फिरायचं?

६ जानेवारी
बोर्ड छापून आले. 'प्लास्टिक टाळा', खाली माझा फोटो. खारं पाणी लागू नये म्हणून सगळे लॅमिनेट करून घेतले. शाळेच्या बाई म्हणाल्या, लॅमिनेशन म्हणजे प्लास्टिकच की. खोड काढल्याशिवाय यांना अन्न पचत नाही. धक्क्यापासून बीचपर्यंत एक खांब सोडला नाही.

९ जानेवारी
चालायला निघालो तेव्हा कचऱ्याची पिशवी हातात होती, परतलो तेव्हा नव्हती. साडूंच्या कुंपणापाशी दम खायला थांबलो होतो, एवढं आठवतं. दुपारी साडू दारात येऊन ओरडले. चोराच्या उलट्या बोंबा! म्हणालो, पुरावा आणा. बायको तडक आत गेली. शेवटी बहिणीचीच बाजू घेणार.

१२ जानेवारी
शाळेत पर्यावरणावर माझं भाषण. आमची कन्या सातवीत, पहिल्याच बाकावर. पोरं जांभया द्यायला लागली, तेव्हा तिथल्या तिथे नियम काढला : ज्याचा कचरा त्याच्या दारात! पडलेला उचला, मालक शोधा, नेऊन द्या. वर्ग खडबडून जागा झाला. कन्येने विचारलं, नियम सगळ्यांना सारखा ना? अर्थात, म्हणालो. साडूंचं आता काही खरं नाही.

१७ जानेवारी
रात्रभर वारा. बोर्ड उडाले. कन्या म्हणाली, गोळा करून आणू या. नको म्हटलं. फुकटात प्रचार होतोय, होऊ दे.

२२ जानेवारी
उद्या सभेआधी पोरं कचरा घेऊन घरोघर जाणार. साडूंच्या दारातला ढीग अख्ख्या गावाने बघावा, एवढीच इच्छा. बायकोला मताबद्दल विचारलं. म्हणाली, द्यायचं त्याला देईन. म्हणजे मलाच.

२३ जानेवारी
साडूंच्या दारात पोरांनी दोन बाटल्या ठेवल्या. त्यांनी माफी मागून आत नेल्या. ढोंगी मेला!
मग वरात आमच्याकडे वळली. पोत्यामागून पोतं, आणि प्रत्येकात मी. वाळूने घासलेला मी, बकरीने कान खाल्लेला मी, गटारातून काढलेला मी. सगळी सभा कुंपणाला टेकून बघत होती. शेवटी साडूंनी जपून ठेवलेली ती पिशवी पोरांनी उघडली. वरच कन्येची तुटकी चप्पल. तिने ती ओळखली, उचलली आणि सगळ्यांसमोर आमच्या उंबऱ्यावर ठेवली. माझ्याकडे बघितलंही नाही. याचा राग आला. राग नाही, लाज वाटली. पण बाईंनीच पढवलं असणार.
सभा लगेच आटोपली. साडू अध्यक्ष. त्यांचं नाव बायकोने सुचवलं.

२४ जानेवारी
कचऱ्याची लाँच आली. कन्या बोर्डांची पोती धक्क्यावर घेऊन गेली आणि तशीच परत घेऊन आली. लाँचवाला म्हणे, हा माल कागदात जात नाही आणि प्लास्टिकातही जात नाही, घरीच ठेवा. कुठे ठेवू, तिने विचारलं. उद्या बघू, म्हणालो.
संध्याकाळी बायकोने स्वतःच बादल्या आणल्या. एक ओल्याची, एक सुक्याची. तिसरी कशाला, विचारलं. कन्येने पोत्यातला एक बोर्ड काढून तिसरीवर चिकटवला.