बकारामच्या ट्रॅक्टरचा डावा हब

प्रिय चेतना,

पाच दिवस झाले, तू फोन उचलत नाहीस. म्हणून शेजारच्या खुशालच्या हाती हे पत्र देऊन राहिलो, तो उद्या नागपूरले येते. वाचायचं तर वाच, नाही तर फेक.

बकारामचा ट्रॅक्टर काल एकदाचा धानाच्या बांधीतून निघाला. दुसऱ्याचा ट्रॅक्टर लावून ओढला, तरी हा शहाणा शेताच्या धुऱ्यावर उभा राहून मलेच अक्कल शिकवत होता. डांबरी रोडवरही फोर-व्हीलचा दांडा पाडून, चारही चाकं जुंपून फिरते हा, काऊन तर म्हणे रुबाब दिसते! ऐन रोवण्यात समोरचं डावं चाक जाम झालं, तेव्हा रोवणाऱ्या बायांसमोर याच्यापेक्षा मोठ्यानं मीच ओरडलो होतो. जेठ महिन्यात या चाकाचा हब माझ्या पोरीनं भरला, आयटीआय शिकलेल्यांनी फक्त पुस्तकं चाळावी, असं. तू तिथंच होतीस, ऐकलंस, अन् दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग घेऊन नागपूरले निघालीस.

तुझी थट्टा तर मी जेठापासूनच करत होतो. हबले दोरी गुंडाळून, स्प्रिंगचा काटा लावून, तू चाकाच्या बेअरिंगचा ताण मोजत होतीस. मी गिऱ्हाइकांसमोर हसलो, की हब आहे का मासोळी, किलोनं जोखायले? तीस वर्षं झाली, नट किती आवळायचा ते माझ्या हाताले कळते. कळते म्हणे! थुत् त्या हातावर.

काल हब खोलला. तुझी चूक सापडली की काय काय बोलायचं, ते सारं मनात तयार होतं. पण सील शाबूत. तेलात चिखलाचा थेंब नाही. बेअरिंग मात्र जास्त आवळल्यानं जळून निळं पडलेलं, अन् नटाच्या कडेवर छन्नीचा घाव. तू नटाले छन्नी लावत नाहीस, चेतना. तू जेवायले गेली होतीस, तेव्हा मीच हातोडा घेऊन तो पाव फेरा जास्त ठोकला होता. पोरीचं काम ढिलं राहील म्हणून! दुसऱ्या कोणत्या मिस्त्रीनं असं केलं असतं तर मी त्याले गॅरेजच्या पायरीवर उभं केलं नसतं.

बकारामले आज चौकात सांगितलं, चारचौघांत, की नट मी ठोकला. तो दात काढून हसला. हसू दे.

मग दवनीवाड्याच्या बाजारात गेलो, मासोळीवाल्या नंदाबाईजवळून तिचा जुना स्प्रिंगचा काटा मागून आणला, तुझा तर तुझ्यासंगच गेला. नवे बेअरिंग बसवले, हबले दोरी गुंडाळली, काटा अडकवला, अन् दुपारपासून तसाच बसून आहो. ओढायचं कसं ते तुझं पाहून समजलं होतं. किती किलोवर थांबायचं, ते मी कधी विचारलंच नाही. तेवढा आकडा खुशालजवळ लिहून दे. अन् आकडा नाही दिलास, स्वतःच आलीस, तर नट तूच आवळ. मी छन्नी बाहेर ठेवतो.

तुझाच,
शालीकराम मिस्त्री, म्हणजे बाबा