राणी एकदम फिट आहे

४ जानेवारी
राणी दोन वर्षांची झाली. यंदा पिल्लं घ्यायचीच. लॅब्रॉडॉर, त्यात हा रंग, लोक रांगा लावतील. डॉक्टर म्हणतो, आधी खुब्यांचा एक्स-रे काढा, डोळे, हृदय तपासा. दोष असला तर पिल्लांत उतरतो. खर्च ऐकून किळस आली. मी स्वतःचं हृदय कधी तपासलं नाही, कुत्रीचं तपासू?

५ जानेवारी, सकाळी ७
तपासणी घरीच उरकली. तीन जिने चढवले. दुसऱ्यावरच बसली. लाड जास्त झालेत. बायको म्हणाली, अहो, तिला दुखतंय. हिला सगळ्यांचं दुखणं दिसतं, माझं सोडून. निकाल: फिट.

११ जानेवारी
नराच्या मालकाने रिपोर्ट मागितला. कसली ही कारकुनी वृत्ती! सोयरीक मोडली. दुसरा नर मिळाला. त्याच्या मालकाने काही म्हणजे काही विचारलं नाही. सज्जन माणूस.

१७ मार्च
सात पिल्लं. डॉक्टरला मुद्दाम फोटो पाठवला. उत्तर नाही. जळतात लोक.

१८ मे
सहा विकली, सातवं ताईला दिलं. पावतीवर 'आईवडील तपासलेले' लिहिलं. आईला जिने चढवलेच होते. बापाला मी नीट बघितलं होतं.

२९ सप्टेंबर
ताईचा फोन. पिल्लू मागचे पाय जोडून सशासारखं उड्या मारतं, चढ दिसला की बसतं. म्हटलं, तुझी फरशी गुळगुळीत आहे. ताईला पहिल्यापासून खुसपटं काढायची सवय. वीट आला.

६ ऑक्टोबर
ताईने परस्पर एक्स-रे काढला. दोन्ही खुबे खोबणीत बसतच नाहीत. ऑपरेशन. डॉक्टरने राणीचाही काढायला लावला. तेच. ही बरेच दिवस सोसत असणार, म्हणाला. बाकी सहा घरी ताबडतोब कळवा, आत्ता उपचार सुरू झाले तर पिल्लं चालती राहतील, असंही म्हणाला.

७ ऑक्टोबर
ठरवलं, सगळ्यांना खरं सांगायचं. पहिला फोन एका रिटायर्ड बाईंना. मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, किती गुणी पिल्लू दिलंत हो, दिवसभर एका जागी बसून असतं, हाक मारली तरी हलत नाही. आभार मानत राहिल्या. 'असू दे, असू दे' म्हणालो आणि फोन ठेवला. शिसारी आली स्वतःची.

बायकोने नंबरांची यादी माझ्या हातून काढून घेतली आणि तोच नंबर परत लावला.