हौदाचे दोन तास

मंगळवार, १० मार्च २०२६. स. ७.१०. विहिरीवरच्या खोलीत, पाण्याच्या पाळ्या लावणाऱ्या कॉम्प्युटरची पेटी उघडून बसलोय.
जुनं मेमरी कार्ड गेलं. नवं टाकलं, प्रोग्राम उतरवला, सुरूच होईना. 'पायथन' (प्रोग्रामची भाषा) ही आज्ञा सापडत नाही म्हणे. जुन्या कार्डात नुसतं पायथन म्हटलं की दोन नंबरचं, म्हणजे जुनी आवृत्ती, चालायचं. नव्यात फक्त तीन, तेही पूर्ण नाव घेतलं तर. पायथन म्हणजे तीन समज, असं सांगून टाकलं. चार ओळींना कंस हवे होते, लावले. ९ ला लाईट आली, विहिरीच्या तिन्ही घरांना (आमचं, नानाकाकांचं, बापूकाकांचं) पाणी.
संध्याकाळी नानाकाका : "अकरावी सोडली तरी डोकं हाय पोराला. पाळीबी लांबल्यावानी वाटली."

गुरुवार, १२ मार्च
झुंबरबाई आल्या. "बाबा, हौद दोन दिस कोरडा हाय. शेळ्या कुटं नेऊ?" त्यांना ना जमीन, ना विहिरीत वाटा; शेळ्या विहिरीजवळच्या हौदावरच पितात.
हौदाचा व्हॉल्व्ह ठीक. मग कागदावर मांडलं. लाईट आठ तास, घरं तीन. दोन नंबरचं पायथन आठ भागिले तीनला नुसतं दोन सांगायचं, वरचा अपूर्णांक सोडून द्यायचं. उरलेले दोन तास कुणाचीच पाळी नाही, म्हणून पाणी हौदात. तीन नंबर अपूर्णांकही देतं : दोन तास चाळीस मिनिटं. काहीच उरत नाही.
म्हणजे हौद भरायचं कुणी ठरवलंच नव्हतं.

शुक्रवार, १३ मार्च
प्रोग्राम लिहिणाऱ्या दादाला पुण्याला फोन. "दोन नंबर टाक, पायथन हे नाव तिकडं वळव. कुणाला सांगू नको." सोपं आहे. पण दोन नंबर आता कुणी सांभाळत नाही. पुढचं कार्ड गेलं आणि मी इथे नसलो तर...
नाही करणार. जिथे नुसतं पायथन होतं तिथे पायथन-तीन लिहिलं, तीनदा तपासलं. भागाकाराआधी नवी ओळ : हौद, दोन तास. ती चालू करायला तिन्ही घरांचा होकार हवा.
आई म्हणाली, "तवर आपल्या पाळीतलं सोड. जनावरांचा घास वाळंल तेवढा वाळंल."

रविवार, १५ मार्च
दोन्ही काकांना बसवून सांगितलं. नानाकाका लगेच हो.
बापूकाका : "म्हंजे इतकी वर्सं माजी चाळीस मिन्टं मशीन खात हुतं?"
हो म्हटलं.
"आन् आता तू इचारून खानार."
नानाकाका हसले. मला नाही हसू आलं. बापूकाकांनी यंदा पहिल्यांदाच संत्र्याचा बहार धरलाय, बागेला पाणी लागणारच, त्यांचंही खोटं नाही.
"न इचारता करता आलं असतं का तुला?"
"आलं असतं."
"मंग?"
"मग पुढचं कार्ड बदललं की हौदाचं पाणी परत न विचारताच बंद पडलं असतं."
बापूकाका चप्पल घालत म्हणाले, "बगू."
ओळ लिहिलेली आहे. पुढे खूण आहे, म्हणून मशीन ती वाचत नाही. खूण काढायला एक सेकंद. काढली नाही. आज आमच्या पाळीतलं पाणी सोडलं, हौद अर्धा झाला. उद्या सकाळी बापूकाकांच्या बागेत जाणार, परत विचारायला.